हळदी-कुंकू

पौष निम्मा सरला की
धुपदाळच्या बंधाऱ्यामागचं पाणी दोन हात उतरतं,
चिखलाचा पट्टा उघडा पडतो:
म्हशींचे खूर, शिंपले, कुणाची तरी एक चप्पल.
त्यावर शेकाटे आपल्या लाल काड्यांनी
जमीन मोजत फिरतात,
वाटणी अजून व्हायची असल्यासारखे.

पहिली गाडी उजाडायच्या आत येते,
बेळगावची, कधी कोल्हापूरची.
उतरणारे कुजबुजत बोलतात,
आत कुणी आजारी झोपलंय जसं.
मी काहील पाण्यात लोटते.
हो, गुळाचीच. बाळाण्णाचं गुऱ्हाळ मोडलं
तेव्हा भंगारात चालली होती.
ऊन चढलं की बुडातून अजून
काकवीचा वास सुटतो.
तीन माणसं, एक कॅमेरा, एक बांबू, मी.

त्या बदकाचं नाव काय हो, मावशी?
हळदी-कुंकू.
चोच बघा. टोकाला पिवळं,
कपाळाशी दोन लाल टिकल्या.
हसतात. लिहून घेतात.

नाव मला नवऱ्यानं सांगितलं.
घोड्याच्या शेपटीचे केस मांडीवर वळून
तो फासे करायचा,
संकेश्वरच्या बाजारात जोडीनं विकायचा.
कुठल्या लव्हाळ्यात कोण झोपतं,
वारा फिरला की कोण आधी उठतं,
मारणाऱ्याला ठाऊक असतं तेवढं
पुस्तकाला नसतं.
पाच वर्षं झाली त्याला जाऊन.
आज त्याच माहितीवर माझी चूल पेटते.
फासे आढ्याला तसेच आहेत.
जेवायला बसलेले पाहुणे वर बघून विचारतात,
मी सांगते, शिंक्याची दोरी.

दहाच्या सुमाराला करकोचे येतात.
पोरं ओरडत सुटतात, हक्की बंदावु, हक्की!
आणि आभाळ भरमाच्या हरभऱ्यात उतरतं.
पाहुणे फोटो काढतात.
भरमा फटाके लावतो.
गेल्या साली तो माझ्या अंगणात उभा राहिला,
"तुझे पाव्हणे माझं रान खाऊलेत की गं, आक्का."
कुठले पाव्हणे ते बोलला नाही.

देवळात बैठक झाली, निम्मी कन्नडात, निम्मी मराठीत,
भांडण दोन्हींत.
शेवटी ठरलं, दर ताटामागे वीस रुपये
भरमाच्या हरभऱ्याला.
डालड्याचा जुना डबा, वर चीर पाडलेली.
यंदा उघडला तर निम्म्या रानाचेच निघाले.
उरलेल्या निम्म्याचं बोलणं चालू आहे.

संक्रांत ते रथसप्तमी
गल्लीतल्या बायका करंडे घेऊन घरोघर जातात.
माझ्या दारापुढं
पावलं जरा भराभर पडतात.
सवय झाली त्यांना, मलाही.

परवा पहाटे गाडी यायच्या आधी
दार वाजलं. भरमाची शांतव्वा,
मागं चौघी, इरकलीच्या पदरांत काकडलेल्या.
"आमालाबी दाखव की ते तुझं हळदी-कुंकू."

काहिलीत कशाबशा मावल्या.
जन्म गेला ह्या पाण्याच्या काठी,
पण धुणं नाही, घागर नाही,
उगीच म्हणून पाण्यावर
त्यांतली एकही कधी बसली नव्हती.
मी बांबू अलगद टाकत नेलं
लव्हाळ्याच्या आडोशाला. सातआठ होती,
पाण्यात डोकी घालून, शेपट्या वर.
एकानं मान काढली,
चोचीवरून पाणी ओघळलं.
पिवळं तसंच, लाल तसंच.

कुणी काही बोलेना.
मग शांतव्वा हळूच, "ह्यातला नर कुठला गं?"
कळत नाही, मी म्हटलं, दोघांचं सारखंच.
जोडीतलं एक फाशात गेलं
तरी दुसऱ्याचं कुणी पुसत नाही,
हे मनात आलं.
बांबू रोवला आणि काहील वळवली.

उतरताना तिनं पदराआडून
तिळगुळाची पुडी काढली, माझ्या हातावर ठेवली,
वर पाचजणींचे पैसे, मोजून.
तिळगूळ मी घेतला.
पैसे म्हटलं डब्यात टाक,
तुझ्याच हरभऱ्याचे आहेत.